भावाचा माणूस

फोटो इतका स्वच्छ आला होता की हात वर करायला जागाच नव्हती. हॉस्पिटलसमोरचं पार्किंग, सकाळची वेळ, आणि सगळ्या शहराचा लाडका गोलकीपर एका तरुणाच्या गळ्यात पडून रडतोय. दुपारपर्यंत तो फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर होता. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते वाचून गोलकीपरच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं ते इतकंच. त्याच्या धाकट्या भावाचं अपेंडिक्स फुटलं होतं. धाकट्याबरोबर एकाच घरात राहणारा तो तरुण त्याला जवळजवळ उचलूनच हॉस्पिटलात घेऊन आला. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, म्हणून घरात त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. "पेशंटचे कोण तुम्ही?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. "मित्र." "मग बाहेर थांबा. घरच्यांना बोलवा." घरचे आले, ऑपरेशन झालं, आणि तो मात्र सगळा वेळ पार्किंगमधल्या गाड्यांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं तेव्हा गोलकीपर धावत खाली गेला आणि म्हणाला, "वाचला." आणि त्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. शेजारच्या गाडीत कोण बसलंय हे बघायचं भान कुणाला होतं?

हे सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. पण सांगायचं कसं? धाकटा शाळेत गणित शिकवायचा. त्याचं आणि चष्मेवाल्याचं नातं काय आहे हे फक्त थोरल्याला माहीत होतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला गेला. ड्रेसिंग रूममध्ये त्याने पाय टाकला आणि चाललेलं हसणं थांबलं. सराव संपल्यावर तो अंघोळीला गेला, तर आत असलेल्या दोघांनी डोक्याचा साबण तसाच ठेवून टॉवेल गुंडाळले आणि काढता पाय घेतला. एरवी हेच दोघे त्याचा शाम्पू न विचारता संपवायचे. तो पाण्याखाली उभा राहिला. पाणी गार की गरम, हेही त्याला कळेना.

त्याची मॅनेजर बाहेर वाटच बघत होती. बाई कामाला पक्की होती, बोलायला फटकळ.

"हातमोज्यांच्या कंपनीचा दोनदा फोन आला. उद्या पत्रकारांपुढे बसायचं आणि दोन वाक्यांत विषय संपवायचा. कोण आहे तो?"

"ओळखीचा."

"ओळखीच्याला कुणी असं मिठी मारून रडत नाही. ओळखत नाही म्हण. चाहता होता, गळ्यात पडला, तू भावाच्या काळजीत होतास. झालं."

रात्रभर त्याने कूस बदलली. भीती नेमकी कसली, तेच त्याला धड सांगता येईना. तो तसा नव्हता, हे त्याचं त्याला माहीत होतं. मग कुणी काही म्हटलं तर अंगाला भोकं पडणार होती का? पण त्याला मैदान आठवलं. गोलकीपरच्या पाठीमागे दोन हातांवर प्रेक्षक बसतात. बाकीच्या खेळाडूंना नुसता गलका ऐकू येतो, त्याला शब्दन् शब्द.

पत्रकारांपुढे तो बसला. पहिलाच प्रश्न आला. "फोटोतला माणूस कोण?"

"मी त्याला ओळखत नाही," तो म्हणाला. वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की तो स्वतःच चपापला.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेला, तेव्हा धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई खुर्चीत बसून त्याच्या पायांवरची चादर उगाचच सारखी करत होती.

"तो आज आला नाही," धाकटा वळून न बघता म्हणाला. "फोन बंद आहे."

"अरे, तूच म्हणाला होतास ना, कुणाला सांगू नकोस…"

"सांगू नकोस म्हणालो होतो. ओळखत नाही म्हण, असं कधी म्हणालो, दादा?"

थोरल्याने आईकडे चोरून पाहिलं. आईने चादर सोडली.

"माझ्याकडे काय बघतोस? मला काही कळत नाही असं वाटतं की काय तुम्हाला? याच्या घरी राहायला गेले की दोघांचे कपडे मीच धुते. दोन मापांचे बनियन एकाच खणात ठेवते. डोळे आहेत मला."

धाकटा टाके विसरून उठायला गेला आणि कळवळला. "आई, तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस याची वाट बघत होते. तू बोलेनास, मग मीही गप्प."  मग तिने राग थोरल्यावर काढला. "आणि तू रे! ज्याने माझ्या पोराला खांद्यावर घालून इथवर आणलं, त्याला ओळखत नाहीस? जा, घेऊन ये त्याला."

"बाहेर कॅमेरे आहेत, आई. त्याला आणलं तर सगळं उघड होईल. याची शाळा…"

"होऊ दे," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी परवा गेलो असतो ना दादा, तरी त्याला पार्किंगमध्येच उभं ठेवलं असतं. शाळेचं मी बघतो. उद्या मला सोडणार आहेत. तो आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. गोलकीपर आत शिरला तेव्हा चष्मेवाला काउंटरवर फ्रेमा पुसत होता. त्याने मान वर केली, परत खाली घातली.

"नंबर वाढलाय का? ओळखीची माणसं दिसेनाशी होतात कधीकधी."

"बोल. काय बोलायचं ते बोल."

"काही नाही बोलायचं. बाहेर बघा."

काचेपलीकडे चारपाच जण फोन वर धरून उभे होते. गोलकीपरच्या मानेला घाम फुटला. दाराकडे जावं की आडोशाला, हे पायांना ठरवता येईना.

"मला भीती वाटते," तो एकदम म्हणाला. "हसू नकोस. अंघोळीला गेलो तर पोरं टॉवेल गुंडाळून पळतात. सगळे आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटत राहतं."

चष्मेवाल्याने फ्रेम खाली ठेवली. "हसत नाहीये. तुम्हाला आत्ता कुठे दोन दिवस झालेत. मी शाळेत असल्यापासून असाच जगतोय." मग थांबून म्हणाला, "त्याने पाणी प्यायलं का? प्यायला लावल्याशिवाय पीत नाही तो."

"उद्या तूच पाज. तू आल्याशिवाय पलंगावरून उठणार नाही म्हणतोय."

"मागच्या दाराने येतो."

"पुढच्या दाराने ये. माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी ते पुढच्याच दाराने बाहेर पडले. धाकटा चाकाच्या खुर्चीत, खुर्ची ढकलायला चष्मेवाला, औषधांची पिशवी छातीशी धरलेली आई, आणि पुढे गोलकीपर. पत्रकार अंगावरच आले. गोलकीपरने चष्मेवाल्याकडे हात केला.

"हा माझ्या भावाचा जोडीदार," तो म्हणाला. "काल मी याला ओळखत नाही म्हणालो, ते खोटं होतं."

 मग मागून एकाने विचारलं, "आणि तुम्ही स्वतः? तुम्हीही तसेच आहात का?"

'नाही' हा शब्द अगदी ओठांवर होता. खराही होता. दोन अक्षरं, की सगळं मिटलं असतं. पण ज्या घाईने तो शब्द बाहेर यायला धडपडत होता, त्या घाईचीच त्याला लाज वाटली. शेजारी धाकटा खाली मान घालून बसला होता.

"असलो तर तुमचं काय जातं?" तो म्हणाला. "सरका बाजूला. याला बसवत नाहीये."

सगळं सुरळीत झालं असं नाही. हातमोज्यांच्या कंपनीने जाहिरातीचा करार वाढवला नाही. पुढच्या सामन्याला त्याला बाकावर बसवलं. कारण विचारलं तर प्रशिक्षक बुटांच्या नाड्यांकडे बघत "विश्रांती" म्हणाले. शाळेत काही पालक येऊन भांडून गेले. मुख्याध्यापिका बाईंनी धाकट्याला ठेवून घेतलं, पण किती दिवस, ते त्यांनाही माहीत नसावं. घरमालकाने मात्र गोड बोलून घर रिकामं करायला सांगितलं.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर मिळालं. सामान हलवायच्या दिवशी धाकट्याला काही उचलायची मनाई होती, तेव्हा गोलकीपर आणि चष्मेवाला दोघंच राबत होते. इतक्या दिवसांत चष्मेवाला त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता. ते टोचत होतं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट अडकलं. ना वर जाईना, ना खाली येईना. वरून आई ओरडत होती, "भिंत खरवडू नका रे, नवा रंग आहे!"

"ढकलू नका हो," खालून चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. "जरा वर उचला. तुमच्याकडचा कोपरा अडकलाय, दादा."

दादाने कोपरा उचलला.