खिडकीजवळची खुर्ची

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधानं जाणारं नव्हतं. घड्याळाच्या कारखान्यातली खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर तिनं निम्मा जन्म काढला, ती साहेबांनी धाकटीला दिली होती. धाकटी म्हणजे तिची सख्खी जाऊ. हिला चिमटा धरायला शिकवलं कोणी? थोरलीनंच! आणि आता नव्या घड्याळाचा पहिला नग जोडायचा मान कोणाला? तर हिला! थोरलीला बसवलं तपासणीच्या टेबलावर. "ताई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," असं साहेब गोड बोलले होते. गोड बोलून बाजूला सारलं, दुसरं काय.

घड्याळ मात्र होतं झोकदार. जुन्या बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारी तबकडी असते ना, हुबेहूब तशी काळी तबकडी, ठसठशीत आकडे, लाल टोकाचा काटा, कडेला चार उघडे स्क्रू. चावी द्यायचं बटण तर व्हॉल्व्हच्या चाकासारखं खाचाखाचांचं. बॅटरी नाही, काही नाही. रोज हातानं चावी द्यायची.

"ताई, काटे नीट बसलेत का बघता?" सकाळी धाकटीनं विचारलं होतं.

"मला काय विचारतेस बाई? खुर्ची तुझी, काटे तुझे," म्हणत थोरलीनं मान फिरवली होती.

पण जेवणाच्या सुट्टीत राहवेना. सगळे बाहेर गेले, तशी थोरलीनं डोक्यावरची कामाची टोपी काढली, केस मोकळे केले, आणि पाय आपसूक खिडकीकडे वळले. घड्याळाला अजून काच बसायची होती. धूळ पडू नये म्हणून वर नुसतं झाकण होतं. ते उचलून ती ओणवी झाली. बारावर तिन्ही काटे कसे एका रेषेत! मेलीचा हात बसला होता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. झाकण ठेवून ती तरातरा निघून गेली.

दुपारी काच बसवून घड्याळ तपासणीला आलं. थोरलीनं भिंग डोळ्याला लावलं. काहीतरी सापडू दे रे देवा! साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, पहिल्या नगात खोट निघाली तर खुर्ची परत ताईंची.

आणि सापडलं! सहाच्या आकड्याजवळ, काचेखाली केस. रंगबिंग बघायला थांबतंय कोण!

"साहेब, इकडे या! आत केस आहे, चांगला लांबलचक!" आवाज असा लागला की पार टोकाच्या टेबलावरच्यांनीही माना वळवल्या. धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला काय गार वाटलं म्हणून सांगू!

साहेबांनी भिंग लावलं. "पांढरा आहे," ते म्हणाले.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या खोलीत पिकलेलं डोकं एकच होतं. "ताई, मी रंग लावून देते," म्हणून धाकटी किती रविवार मागे लागली होती, आणि दर वेळी थोरलीनं तिला झिडकारलं होतं.

कोणी काही बोलायच्या आत धाकटी उठली. "माझी चूक, साहेब. सकाळी मी ताईंची वेणी घातली. माझ्या बाहीला चिकटून आला असणार."

वेणीबिणी काही घातली नव्हती. साहेबांनी मान हलवली. "मग ठरल्याप्रमाणे खुर्ची ताईंची."

मिळाली की! थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण मान ताठ. हात हिचा चांगला, वय हिचं, साहेब हिचे, आणि आता मोठेपणाही हिनंच घ्यायचा? हिनं टाकलेल्या खुर्चीवर आपण बसायचं?

"खोटं बोलतेय ती!" थोरली कडाडली. "माझा केस आहे तो. सुट्टीत मीच झाकण उचलून डोकावले. जळत होते म्हणून डोकावले. झालं समाधान?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ तिच्या हातात दिलं. "मग तुम्हीच काढा केस. नंतर खुर्ची तिची."

थोरली खिडकीजवळ जाऊन बसली. धाकटीनं खुर्ची आपल्या उंचीप्रमाणे करून घेतली होती; टेबल थोरलीच्या पार छातीशी आलं. खुर्ची वर घ्यायला तिनं खालच्या दांड्याला हात घातला, आणि तसाच काढून घेतला. खांदे अवघडून तिनं काच उघडली आणि केस काढला.