निवाऱ्यात कोणी बसत नाही

दिलेलं:
अमडापूरच्या अलीकडे एक फाटा. फाट्यावर प्रवासी निवारा. वर स्लॅब, तिन्ही बाजूंना जाड भिंती, आत सिमेंटचा ओटा. निवाऱ्यात कोणी बसत नाही. माणसं रस्त्यापलीकडच्या निंबाखाली उभी राहतात.

काढायचं:
काहीतरी करा.

चंद्रशेखर सरांनी दिलेल्या कागदावर एवढंच होतं. लांबी नाही, रुंदी नाही, कोणतं सूत्र लावायचं त्याचा पत्ता नाही. मयुरीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी. मागे काही नाही हे पाहून तिला जास्तच शंका आली.

"सरांपाशी उत्तर असन," दीपक म्हणाला. प्रत्येक प्रकल्पाला दोघांची जोडी होती आणि चिठ्ठ्या टाकून मयुरीच्या वाट्याला दीपक आला होता. "उत्तर असल्याशिवाय कोनी प्रश्न देते का बे?"

"मग सांगत का नाहीत?"

"आपण कोठी चुकतो ते पाह्यचं असन त्याइले."

सर ताकास तूर लागू देत नव्हते. कोणी काही विचारलं की उलट विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" मयुरीला या वाक्याचा राग यायचा. ज्याला माहीत असतं तोच असं विचारतो, हा तिचा आजवरचा अनुभव. त्यात पुढल्या महिन्यात इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीसाठी पोरं निवडायला कंपनी यायची होती. अट एकच: एकही विषय मागे राहिलेला नको. मयुरीचे सगळे सुटले होते. राहिली होती ती या प्रकल्पावरची सरांची सही. ती नाही मिळाली तर मुलाखतीच्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवता येणार नव्हतं, आणि तिच्या घरातून त्या खोलीच्या दारापर्यंत आजवर कोणीच पोचलेलं नव्हतं.

पण तिच्या मनातली खरी पाल वेगळ्याच कारणाने चुकचुकत होती. तो फाटा तिला माहीत होता. निवाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बौद्धवस्ती सुरू होते. विहाराचा झेंडा निवाऱ्याच्या स्लॅबवरून दिसतो. तिची केसरबाई मावशी तिथेच राहते.

वर्गात एवढ्या जोड्या. हा कागद आपल्यालाच का?

गृहीत:
स्लॅब तापतो. आत उकडतं. म्हणून माणसं बसत नाहीत. वरून चुना मारा, आतून बांबूच्या तट्ट्याचं छत टाका. प्रश्न सुटला.

हे दीपकचं. चहाची एक फेरी संपायच्या आत त्याने उत्तर काढून ठेवलं. मयुरीने मान डोलावली. तिला जे वाटत होतं ते तिने गृहीतात लिहिलं नाही. दीपकच्या मामाच्या गावचा रस्ता त्याच फाट्यावरून आत जातो, हेही ती विसरली नव्हती.

रीडिंग:
(खोडलेलं)

इथे थोडं थांबून सांगायला हवं. या पोरांची एक रीत होती, तिला ते रीडिंग बसवणं म्हणत. प्रयोगाचं उत्तर मागल्या वर्षीच्या फाइलीतून आधीच माहीत असायचं. मग आधी आलेखाची रेघ ओढायची आणि तिच्या अल्याडपल्याड ठिपके टाकायचे. सगळे रेघेवर टाकले तर पकडले जातो. एखादा जरा लांब टाकायचा, म्हणजे खरा वाटतो. मयुरीचा या कामात हात बसलेला होता. तिचे ठिपके इतके खरे दिसायचे की बाकीची पोरं तिच्याकडून टाकून घ्यायची.

त्यामुळे दोन तापमापी घेऊन दोघं फाट्यावर गेले ते केवळ अहवालातल्या फोटोपुरते. एक निवाऱ्यात टांगली, एक निंबाखाली. निंब विजेच्या तारांखातर छाटलेला होता, त्याची सावली चाळणीसारखी. भर दुपारी दोघांनी आकडे पाहिले आणि एकमेकांकडे पाहिलं.

निवारा थंड होता. निंबापेक्षा चांगलाच थंड.

"उलटं झालं हे," दीपक म्हणाला.

"तापमापी बदलून बघ."

बदलल्या. तरी तेच. निंबाखालची माणसं घाम पुसत दोघांची मजा पाहत होती.

"बसव," दीपक हळूच म्हणाला. "आकडे अदलाबदल कर. कोन येते पाहाले?"

मयुरीने पहिला उलटा आकडा लिहिलाही होता. पण सरांना खरे आकडे आधीच माहीत असले तर? त्यांनी स्वतः मोजले असले तर? हा सापळाच असला तर? भीतीपोटी तिने तो खोडून खरे आकडे लिहिले. त्यात चांगुलपणा काही नव्हता.

चौकशी:
निंबाखाली रुखमाबाई होती. वांग्यांची पिशवी, डोक्यावर पदर. दीपक तिला मामी म्हणाला. दोघं कुजबुजले, हसले. मयुरीने कान टवकारले, पण वाऱ्यापुढे काही ऐकू आलं नाही.

"काकू, तुम्ही निवाऱ्यात का नाही बसत?"

रुखमाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू कोनाची व?"

"कॉलेजची."

"कालेजचीच जन्मली का? गाव, आडनाव असनच ना."

"मामी, तिले प्रोजेक्ट हाये," दीपक मध्येच म्हणाला. "सांग ना काऊन नाई बसत ते."

"तिथून एसटी दिसत नाई. वळणावर येते आन भुर्रकन जाते. बसून राह्यलं त बसूनच राह्यलं."

उत्तर पटकन आलं. मयुरीला वाटलं, जरा जास्तच पटकन. ही दोघं मघाशी हेच तर ठरवत नव्हती?

ती रस्ता ओलांडून निवाऱ्यात जाऊन बसली. एकटी. समोर वळण, वळणावर बाभळी. एसटी आली ती आवाजाआधी दिसलीच नाही. ती उठून हात करेपर्यंत ड्रायव्हर पुढे निघून गेला होता. पलीकडे निंबाखालच्यांना ती गाडी नकोच होती; तिथे हशा पिकला.

म्हणजे बाई खरं बोलत होती.

आणि मावशी? मयुरी वस्तीत गेली. केसरबाई भाकरी थापत होती.

"मी बी निंबाखालीच उभी राह्यतो," ती म्हणाली. "गाडी दिसते ना तिथून. पन बुडापाशी नाई जात. जरासं अल्याड."

"का?"

"काऊन म्हंजे? अल्याडच राह्यतो आम्ही."

तव्यावरची भाकरी तिने उलटली आणि दुसरंच काही बोलायला लागली.

उपाय:
दीपकने मलकापूरहून ट्रकचा जुना बहिर्गोल आरसा आणला. वळणावरच्या खांबाला, निवाऱ्याकडे तोंड करून बांधला. ओट्यावर बसल्या बसल्या पार बाभळींमागची एसटी दिसू लागली. दोघं हरखून गेले. मयुरी तर निवाऱ्यात बसून तीन गाड्या नुसत्या पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी केसरबाई ओट्यावर बसली. वस्तीतल्या आणखी दोघी बसल्या. दप्तर घेतलेल्या दोन पोरी बसल्या.

गावातली माणसं निंबाखालीच राहिली. फक्त आता तीही मान लांबवून आरशात पाहू लागली.

सरांपुढे:
"बाकीचे का आले नाहीत?" सरांनी विचारलं.

"सवय, सर," दीपक म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?" हे मयुरीला.

पुन्हा तेच. हा माणूस आपल्या तोंडून काय काढू पाहतोय? दारावरच्या पाटीवर फक्त चंद्रशेखर आणि पदवी. त्याचं आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते शोधायला तिने बरीच चौकशी केली होती. खरं बोललं तर हा चिडेल? की खूश होईल? खूश झाला तर ते तरी कशाने?

"निवाऱ्याच्या मागे आमची वस्ती आहे सर," ती म्हणाली. "म्हणून नाही आले."

दीपक खुर्चीत सरळ झाला. "ते माह्या मामाचं गाव हाये. कोनी असं नाई तिथं."

"मग असेल सवय."

"टोमणा नको मारू."

सरांनी कागद पुढे सरकवला. "दोन्ही लिहा. आणि खाली लिहा, या दोघांतलं कोणतं ते कसं ओळखाल. ते करून आणा. सही तेव्हा."

"सर, मंगळवारी कंपनी येणार."

"माहीत आहे."

जिन्यात दोघं बराच वेळ भांडले. सवय असेल तर ती जागेची. मग जागा तीच ठेवून बघू, असं मयुरी म्हणाली. निंबाखालीच बाक टाकू. अगदी बुडापाशी. आधी वस्तीतली बाई बसेल. जागा जुनीच, गाडीही दिसते. तरी बाकीचे बसले नाहीत तर ती सवय म्हणायची का?

दीपकने ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "बाक मी आनतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. हा आणेल? की मामीला आधी सांगून ठेवेल, आलीस की गुपचूप बस म्हणून?

रीडिंग (दुसरं):
बाजाराचा दिवस. बाक निंबाखाली. केसरबाई एका टोकाला बसली, पदर सावरत, बसायची सवय नसल्यासारखी. दीपक मयुरीशेजारी उभा होता. तिने त्याला सकाळपासून नजरेआड होऊ दिलं नव्हतं, फोन तर आदल्या दिवसापासूनच तिच्यापाशी होता.

रुखमाबाई आली. आज पिशवी जड होती. तिने बाकाकडे पाहिलं, केसरबाईकडे पाहिलं, दीपककडे पाहिलं. बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं. तिने तिथे पिशवी ठेवली, आणि आपण पिशवीजवळ उभी राहिली.

"वांगे कसे देले?" केसरबाईने विचारलं.

"आजून कोठी देले. बाजारातच चालली ना," रुखमाबाई म्हणाली, आणि वांग्यांच्या भावावर दोघी बोलत राहिल्या. एक बसून, एक उभी. एसटी आली.

दीपकचं पेन कागदावर अडलं. "हे काय लिहू? बसली का नाई बसली?"

"पाहिलं ते लिही."

त्याने लिहिलं: पिशवी बसली. बाई उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सरांनी ती ओळ वाचली. "हिचा अर्थ?"

"मले माहीत नाही सर," दीपक म्हणाला. प्रयोगशाळेत त्याच्या तोंडून हे शब्द कधी निघाले नव्हते.

"मला वाटतं, मला माहीत आहे," मयुरी म्हणाली. "पण एवढ्यावरून सांगता येत नाही. बाई बोललीसुद्धा. ते मी गृहीत धरलं नव्हतं."

सरांनी सही केली. शाई वाळेपर्यंत मयुरी तिथेच उभी राहिली; परत ओढून घेतील की काय, असं तिला वाटत होतं. त्यांनी घेतली नाही.

जिन्यात दीपक म्हणाला, "आता बाक वापस आनतो. आत्याच्या घरचा हाये."

"राहू दे तिथंच."

"काऊन? सही त भेटली."

"बाजार पुढल्या आठवड्यातही भरतो," मयुरी म्हणाली, आणि त्याचा फोन त्याला परत दिला.