ज्याने पाणी थांबते तो व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना व्हॉल्व्ह असून मला मधोमध कापलेले आहे. कापताना दुखले का, असे मुले विचारतात. दुखले नाही. चाक फिरवले की माझ्या पोटातील पाचर खाली सरकते आणि पाण्याची वाट बंद होते. मला एवढेच येते.

वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. लेथवर माझे आटे पाडले, दाब देऊन मला तपासले आणि पंपघरातील मुख्य नळावर बसवले. तेथे मी थेंबही गळू दिला नाही. "याला म्हणतात काम!" असे पंपचालक म्हणत. पुढे नवी यंत्रे आली आणि मी भंगारात गेलो. आतले भाग दिसावेत म्हणून तंत्रशाळेने मला उभे चिरून घेतले व कडा लाल रंगवल्या. लवकरच तेथे प्लास्टिकचा हलका नमुना आला. मग मी इंग्रजीच्या बाईंच्या टेबलावर कागद दाबण्यापुरता उरलो.

बाईंनी मला पुन्हा कामाला लावले. वस्तूचे वर्णन एका वाक्यात कसे सांधावे, हे त्या माझ्यावरून शिकवीत.

"धिस इज अ व्हॉल्व्ह. इट स्टॉप्स वॉटर. ही दोन वाक्यं झाली. आता जोडा. धिस इज अ व्हॉल्व्ह विच स्टॉप्स वॉटर. विच आलं की इट बाहेर! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

संध्याकाळच्या वर्गाला पंपघरातील वहिनी येत. त्यांचे पती तेथे पंपचालक होते. ते वारल्यावर वहिनींना त्यांची जागा तात्पुरती मिळाली होती. नव्या यंत्रांच्या सूचना इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजीची तोंडी परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. नापास झाल्यास नोकरी आणि पंपघरामागची खोली, दोन्ही जाणार होत्या.

मराठीत 'जो' म्हटले की मागोमाग 'तो' येतोच. वहिनींच्या इंग्रजीतही तो येई.

"द व्हॉल्व्ह विच इज ओल्ड, इट इज ब्रास."

"वहिनी, इट काढा."

"काढते हो बाई. पण मेलं आपोआप येतं. जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं!"

वर्ग हसला. वहिनींनी चिकाटीने त्या पाहुण्याला उठवले. मग बाईंनी माणसांचे वर्णन घेतले.

"द मॅन हू रन्स द पंप, ही इज माय हजबंड," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ही काढा."

"आमचे 'हे' तर आधीच गेले, बाई. आता वाक्यातूनही काढू?"

कोणी हसले नाही. बाईंनी पुसलेलाच फळा पुन्हा पुसला. वहिनींनी पती हयात असल्यासारखे वाक्य केले होते. ती चूक बाईंनी दुरुस्त केली नाही.

परीक्षा त्याच खोलीत झाली. परीक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"द व्हॉल्व्ह विच इज ऑन द टेबल इज मेड ऑफ ब्रास," वहिनींनी न अडखळता सांगितले. त्यात इट नव्हते.

"गुड. आता तुमच्या कामाच्या ठिकाणच्या एका माणसाबद्दल सांगा."

वहिनींनी माझ्या चाकावर हात ठेवला. हात गार होता; मीही गारच होतो. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी पदराचे टोक मुठीत धरले.

"द मॅन हू टॉट मी धिस वर्क..." वहिनी थांबल्या. येथे 'ही' आला असता तर नोकरी गेली असती. त्यांनी चाक फिरवले. पाचर खाली बसली.

"...इज डेड."

"करेक्ट!" परीक्षक आनंदाने म्हणाले. "अगदी बिनचूक. उत्तीर्ण!"

"थँक यू, सर," वहिनी म्हणाल्या व खुर्ची सरळ करून बाहेर पडल्या. बाईंनी "अभिनंदन" म्हणण्यासाठी उघडलेले तोंड मिटले आणि त्या वहिनींच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.

मित्रांनो, मी धातू आहे. मला त्या वेळी काय वाटले, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला मात्र सांगता येते. माझ्या आट्यांना अधूनमधून तेल द्या, एवढी विनंती आहे. आणि कोणी वाक्य बरोबर बोलले, तर शाबासकी देण्यापूर्वी त्याने काय सांगितले ते एकदा ऐका.