कवचबाबांचा कानमंत्र

सकाळी साडेदहाला भिंतीवरचा मोठा पडदा लालभडक झाला आणि नियंत्रण कक्षातल्या तीस माणसांनी एकदम श्वास रोखला.

"आला!" कवचबाबा डोळे मिटून म्हणाले. "समुद्रापलीकडून आला. तुमच्या विजेच्या नरड्याला हात घातलाय त्यानं!"

मग त्यांनी उजवा हात वर केला, चुटकी वाजवली, आणि पडदा हिरवागार झाला. टाळ्यांचा कडकडाट! आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ फ्यूजराव यांचे तर डोळे पाणावले. मीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केलेलं बरं.

अर्ध्या देशाची वीज आमच्या या खोलीतून वळवली जाते. रुग्णालयं, पाण्याचे पंप, रेल्वेचे सिग्नल, सगळं त्यावर चालतं. शेजारच्या देशातल्या अशाच एका केंद्रावर परक्या टोळीनं संगणकांतून हल्ला केला आणि दोन दिवस तिथं अंधार पडला, तेव्हापासून आमच्या मोठ्या साहेबांची झोप उडाली होती. झोप उडालेल्या माणसाला कुणीतरी भेटतंच. साहेबांना कवचबाबा भेटले. कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात तीन ओळखपत्रं, तिन्ही उलटी. त्यांनी एक काळी पेटी आणून पडद्याखालच्या टेबलावर ठेवली होती आणि आमच्या संगणकांच्या जाळ्याला आणि पडद्याला जोडली होती.

"फायरवॉल म्हणजे नुसती विटांची भिंत," बाबा सांगत होते. "माझं कवच सप्तस्तरीय क्वांटम स्पंदनांचं! पण त्याला तुमच्या मनाची जोड हवी. म्हणून प्रत्येकाला मी कानमंत्र देतो. बारा वाजायच्या आत तोच तुमचा पासवर्ड करा. ज्याचा त्याला वेगळा. दुसऱ्याला सांगितलात, की कवच फुटलंच समजा."

रांग लागली. एकेक जण खुर्चीत बसायचा, बाबा कानाशी वाकायचे, आणि तो माणूस लॉटरी लागल्यासारखा उठायचा.

रांगेत नव्हती ती फक्त तारताई. कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी त्याची तार कुठं जाते हे बघायची तिची सवय, म्हणून हे नाव.

"ताई, तुमचा नंबर," साहेब म्हणाले.

"मला नको. बाबांना माहीत असलेला माझा पासवर्ड, हा पासवर्ड कसला? आणि ती पेटी कुणी उघडून बघितलीय का, साहेब?"

"बघा, नकारात्मक स्पंदनं!" बाबांनी नाक मुरडलं. "या एका भोकातून शत्रू शिरणार."

साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, बारापर्यंत मंत्र घ्या. नाहीतर कार्ड टेबलावर ठेवा आणि घरी जा. तुमच्या एकटीपायी मी देश अंधारात घालू शकत नाही."

अठरा वर्षांची नोकरी. तारताईनं गळ्यातलं कार्ड काढून मुठीत धरलं, पण दाराकडे वळली नाही.

तिच्या बाजूनं बोलावं असं मला फार वाटलं. मी यंत्रांची माहितीपुस्तकं सांभाळतो. शब्दांशी माझी ओळख आहे. मनात वाक्य तयार केलं, दोनदा दुरुस्त केलं. तेवढ्यात माझा नंबर आला आणि मी मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसलो.

बाबा माझ्या डाव्या कानाशी कुजबुजले. तो कान अधू आहे. पण तसं सांगायची लाज वाटली.

"संकट... कट नऊ?" मी विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज त्याच्या नकळत मोठा होतो.

"हळू!" बाबा पुन्हा कुजबुजले.

"लंपट फट नऊ?"

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. बाबांचा संयम सुटला. "झंकट! झंकट फट नऊ! झ! झबल्याचा झ!"

फ्यूजराव ताडकन उठले. "अहो, हा तर माझा मंत्र!"

"तुमचा कसा? माझा आहे!" मागून आवाज आला.

"मला तर म्हणाले, फक्त तुझ्यासाठी!"

"तीस कुलपं आणि किल्ली एकच?" तारताई पेटीच्या टेबलामागून म्हणाली. "ती बाबांच्या खिशात, आणि बाबांनी दिली तर कुणाच्याही खिशात!"

"मूर्खांनो, मंत्र एक असला तरी स्पंदनं वेगळी असतात!" बाबांनी उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून पाहिलं आणि बोट उगारलं. "आता भोगा! मंत्र फुटला, कवच फुटलं!"

आणि खरंच, पडदा लालभडक झाला. बायामाणसं किंचाळली. साहेब खुर्चीला धरून उभे राहिले.

टेबलामागून तारताई हळूच उठली. तिच्या हातात एक निळी तार लोंबत होती. "साहेब, पेटीला आपल्या जाळ्याशी जोडणारी तार ही एवढीच. तुमचं झंकट-फट चाललं होतं तेव्हाच मी ती उपटली. मग हल्ला आला कुठून? खिडकीतून?"

बाबांनी घाईनं हात वर केला.

"थांबा!" तारताई ओरडली. "साहेब, धरा तो हात. चुटकी नको, नुसते सेकंद मोजा."

साहेबांनी गोंधळून उजवा हात धरला. फ्यूजरावांनी, काही विचार करून, डावाही धरला. आम्ही सगळे मोठ्यानं सेकंद मोजू लागलो. मोजता मोजता पडदा आपोआप हिरवा झाला. त्याच क्षणी बाबांचं घड्याळ थरथरलं. साहेबांच्या हातालासुद्धा ते जाणवलं.

तारताईनं पेटी उघडली. आत बोटाएवढा संगणक, त्यात दोनच चित्रं: एक लाल, एक हिरवं. दर चाळीस मिनिटांनी लाल, नव्वद सेकंदांनी हिरवं. घड्याळही त्याच वेळेवर लावलेलं.

साहेबांनी बाबांना पहारेकऱ्यांच्या ताब्यात दिलं आणि पोलिसांना फोन लावला. मग ते तारताईसमोर आले. "ताई, ते कार्ड..."

"कार्डाचं नंतर बघू," ती ते गळ्यात अडकवत म्हणाली. "बारा जणांनी तो मंत्र पासवर्ड करून टाकलाय. आधी ते बदलायचे. ज्याचा त्यानं स्वतः ठरवायचा, आणि मलाही सांगायचा नाही."

ते काम दुपारी दोनपर्यंत चाललं.

वाचकहो, हल्ले करणारे खरे आहेत, हुशार आहेत आणि सुट्टी घेत नाहीत. म्हणून तर राखणही खरी हवी: वेगवेगळ्या किल्ल्या, तपासलेल्या तारा, आणि साहेबालाही प्रश्न विचारणारी माणसं. चुटकी वाजवून कुणी देश वाचवत नाही. स्वतः केलेलं गुपित जरूर जपा. पण दुसऱ्यानं कानात सांगितलेला चमत्कार चारचौघांत मोठ्यानं म्हणून बघा. खरा असेल, तर त्याचं काही बिघडत नाही.