बत्तिसावा प्रश्न

“आणि समजा, पैसे भरून झाल्यावर घर विकणारा माणूसच गेला तर?” पद्मनाभरावांनी विचारलं.

“तर त्याच्या वारसांना व्यवहार पुरा करावा लागेल,” मिस टिओ म्हणाल्या. “पुढचा प्रश्न?”

हा एकोणिसावा होता. पद्मनाभरावांनी वहीत त्यापुढे खूण केली आणि पान उलटलं. एकूण एकतीस प्रश्न त्यांनी घरून नंबर घालून आणले होते. चायनाटाऊनमधल्या जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करणाऱ्या या वकीलबाईंसमोर ते पाऊण तास ठाण मांडून बसले होते. शेजारी त्यांची बायको अरुणा मांडीवर पर्स घेऊन बसली होती. परदेशातल्या या शहराच्या बुकित पंजांग भागात एकोणीस वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर त्याच भागात एक लहानसा जुना काँडो, म्हणजे खासगी संकुलातला फ्लॅट, ते दोघं मिळून घेत होते. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे तिचे. अरुणा बालवाडीत शिकवत होती.

आमचे पैसे तुमच्याच खात्यात राहणार का? तुम्ही ते घेऊन पळालात तर? घर दाखवणारा माणूस खरंच मालक आहे हे कशावरून? त्याने तेच घर आणखी कुणाला विकलं असेल तर? मिस टिओ साठीच्या असाव्यात. त्या न चिडता उत्तरं देत होत्या, आणि त्या चिडत नाहीत याचाच पद्मनाभरावांना संशय येत होता.

पण पद्मनाभरावांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये ते गेली सव्वीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होते. संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळायचा. टाकी रिकामी आहे असं चारजणांनी शपथेवर सांगितलं तरी पाचव्यांदा वायू तपासल्याशिवाय ते कुणाला आत उतरू देत नसत. त्यांच्या पाळीत सव्वीस वर्षांत एकही माणूस दगावला नव्हता. हे घरसुद्धा त्यांनी तीनदा, तीन वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं. न्हाणीघराच्या जाळीपाशी गुडघे टेकून वास घेतला होता आणि खालच्या वॉचमनला बाजूला घेऊन मालकाची चौकशीही केली होती.

एकतीस प्रश्न संपले. मिस टिओ पाणी प्यायल्या. “आता दोघांची आयसी आणि पासपोर्ट.”

अरुणा हलली नाही. पद्मनाभरावांनी आपल्या बॅगेतून निळी फाईल काढली आणि चारही गोष्टी टेबलावर ओळीने मांडल्या.

मिस टिओंनी अरुणाकडे पाहिलं. “मॅडम, तुमचं ओळखपत्र तुमच्याकडे नसतं?”

“अहो, ती हरवेल!” पद्मनाभराव हसले. “आयसी आज मी मागून घेतलं. बाकी पासपोर्ट, सर्टिफिकेटं, सगळं घरी माझ्या लोखंडी कपाटात. किल्ली एकच, ती इथे.” त्यांनी पॅंटच्या खिशावर थाप मारली.

मिस टिओ हसल्या नाहीत. “घर दोघांच्या नावावर दोन तऱ्हेने घेता येतं,” त्या म्हणाल्या. “जॉइंट टेनन्सी म्हणजे अख्खं घर दोघांचं. एक गेला की सगळं आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. टेनन्सी इन कॉमन म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा. आपला हिस्सा कुणाला द्यायचा ते ज्याने त्याने ठरवायचं.”

“जॉइंट,” पद्मनाभराव लगेच म्हणाले. “नवरा-बायको आहोत आम्ही.”

“तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा, मिस्टर देवस्थळी. मला मॅडमशी एकटीशी बोलायचंय.”

बाहेरच्या बाकावर पद्मनाभरावांना काचेतून अरुणाची फक्त पाठ दिसत होती. ती बोलत होती. घरी दोन वाक्यांवर न जाणारी बाई इथे हात हलवून बोलत होती. दहाची अठरा मिनिटं झाली. पद्मनाभरावांनी वही उघडली आणि एकतीसच्या खाली लिहिलं : ३२. अरुणाला काय विचारलं?

“काय म्हणत होती ती?” लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं.

“काही नाही. झालं,” अरुणा म्हणाली.

मंगळवारी मिस टिओंचा ईमेल आला. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे टेनन्सी इन कॉमन, निम्मा-निम्मा हिस्सा. आपली संमती कळवावी. शुक्रवारी चारपर्यंत दोघांच्या सह्या झाल्या नाहीत तर घरावरचा हक्क जाईल आणि भरलेली रक्कमही.

पद्मनाभरावांनी तिथल्या तिथे फोन लावला. “तुम्ही माझ्या बायकोला काय शिकवलंत?”

“मी विचारलं, त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते तुम्ही त्यांनाच विचारा. आणि तुमचं दोघांचं एकमत नसेल तर मी दोघांचीही वकील राहू शकत नाही. वेगवेगळे वकील करा.”

वेगवेगळे वकील! एवढं ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. या बाईला फी वाढवून हवी असणार. नाहीतर अरुणाचा भाऊ विवेक यामागे असणार. गेल्या महिन्यात साताऱ्याहून त्याचे दोन फोन आले होते, आणि पद्मनाभराव खोलीत येताच अरुणाने फोन आवरता घेतला होता. मुलगी मैत्रेयी युनिव्हर्सिटीतून आली तेव्हा त्यांनी तिलाही ईमेल दाखवला.

“इट्स हर मनी, बाबा,” ती म्हणाली. “फिफ्टी-फिफ्टी तर आहे. व्हॉट्स द प्रॉब्लेम?”

म्हणजे हीसुद्धा त्यांच्यातलीच.

बुधवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी वही टेबलावर ठेवली. अरुणा ताटं उचलत होती.

“बस. आज मला सगळं कळलंच पाहिजे. विवेकला द्यायचाय का तुझा हिस्सा?”

“नाही.”

“मग कुणाला?”

“अजून ठरवलं नाही. ठरवता यावा एवढंच हवंय मला.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा.”

अरुणाने हातातलं भांडं खाली ठेवलं. “तुमचा आहे माझ्यावर? पर्स तपासता. शाळेतून घरी पोचले की फोन करायला लावता. गॅस बंद केला का, हे मी सांगितल्यावर उठून बघून येता. ते मी मनावर घेत नाही, तुमचा स्वभावच आहे. पण माझे बाबा गेले तो दिवस मला विसरता येत नाही.”

“त्याचं काय? पोचवलं ना मी तुला! दुसऱ्या दिवशी पहाटेचं तिकीट काढलं. त्या दिवशी कंपनीची बस सोडून टॅक्सीने घरी आलो होतो मी.”

“सकाळी दहाला फोन आला, बाबा गेले म्हणून. दोनच्या विमानात जागा होती. मैत्रेयीच्या शाळेतल्या बाई मला विमानतळावर सोडायला तयार होत्या. पासपोर्ट तुमच्या कपाटात आणि किल्ली तुमच्या खिशात. तुमच्या प्लांटवर मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गेटवर निरोप ठेवला, तो तुम्हाला पाचला मिळाला. मी दिवसभर त्या कपाटासमोर बसले होते. एकदा हातोडीसुद्धा घेतली. मग म्हटलं, तुम्ही रागवाल. विवेकने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाबांना न्यायचं थांबवलं. मी दुपारी पोचले. बाबांना न्यायच्या आधी पाहायला नाही मिळालं मला.”

पद्मनाभरावांना तो दिवस आठवत होता. टॅक्सीला किती पडले तेही आठवत होतं. अरुणा त्यांना काही बोलली नव्हती, म्हणून सगळं ठीक झालं असंच ते चौदा वर्षं धरून चालले होते. वास येत नाही म्हणून वायू नाही हे धरून चालायचं नसतं, असं ते माणसांना रोज बजावत असत.

“वकीलबाईंना हे सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, तुमचे कागद तुमच्याकडे का नसतात? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.”

गुरुवारी प्लांटवर सहा नवे कामगार होते. पद्मनाभराव त्यांना नेहमीचा धडा देत होते. पंप दुरुस्तीला उघडायचा तर आधी त्याच्या विजेचा खटका बंद करायचा आणि कामावरच्या प्रत्येकाने त्या खटक्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं. सगळी कुलुपं निघेपर्यंत पंप कुणालाही चालू करता येत नाही.

“यात जीव आहे तुझा,” ते पहिल्या कामगाराला म्हणाले. “तुझी किल्ली तुझ्याच खिशात. मोठ्या साहेबाने मागितली तरी द्यायची नाही. मी मागितली तरी…”

पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. ते आलंच नाही. कामगार त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हाच धडा ते घरीसुद्धा कौतुकाने सांगत असत, आणि अरुणा तो वाढता वाढता ऐकत असे.

शुक्रवारी दोघं पुन्हा मिस टिओंकडे गेले. पद्मनाभरावांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका दिवसात स्वभाव थोडाच बदलतो. मग टेनन्सी इन कॉमनच्या खाली सही केली.

“आज काही प्रश्न नाहीत?” मिस टिओंनी विचारलं.

“नाहीत,” ते म्हणाले. वही त्यांनी आणलीच नव्हती.

परतताना अरुणाला घरी पाठवून ते बुकित पंजांगच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले. तिथून पत्र्याची एक पेटी घेतली आणि प्लांटवर असतं तसंच एक लाल कुलूप. घरी येऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. अरुणाचा पासपोर्ट, डिग्री, बालवाडीचं नेमणूकपत्र, जन्माचा दाखला असं एकेक काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारी पेटी, कुलूप आणि दोन किल्ल्या.

“हे तुझं,” ते म्हणाले. आणखी काहीतरी बोलायचं होतं. संबंध बसच्या प्रवासात ते जुळवत आले होते, पण त्यांनी किल्ल्या तेवढ्या तिच्याकडे सरकवल्या.

अरुणा खुर्ची ओढून बसली. तिने पासपोर्टची पानं एकेक करून उलटली. डिग्रीवरचा शिक्का उजेडात धरून पाहिला. सगळं पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मग दोन्ही किल्ल्या मुठीत घेऊन तिने मान वर केली.

“तिसरी नाही ना?”

“नाही.”

ती बघत राहिली. ही नजर पद्मनाभरावांना ओळखीची होती. रोज सकाळी गेटवर माणसांकडे ते याच नजरेने बघत. आपल्याकडे असं कुणी बघितलं की किती लागतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळत होतं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज ते उठले आणि त्यांनी पॅंटचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले. रुमाल, कंपनीचा पास, बसचं कार्ड, लोखंडी कपाटाची किल्ली. सगळं त्यांनी तिच्यासमोर ओळीने मांडलं आणि खिशांची पांढरी अस्तरं तशीच लोंबती ठेवून उभे राहिले.

“शर्टाचा राहिला,” अरुणा म्हणाली.

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. एक पेन होतं. तेही त्यांनी टेबलावर ठेवलं.