एकेकाचा ताबा

पुलावर परदेशी सैनिकांची चौकी होती आणि पुलाच्या अलीकडे आमचा अनाथाश्रम. मी तिथली स्वयंपाकीण. पहिली तुकडी पोरांसाठी बिस्किटं घेऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं, चार दिवसांची हौस. पण तुकड्या बदलत गेल्या आणि हौस काही फिटेना.

त्याला कारण त्यांची शिस्त. जाणारा शिपाई येणाऱ्याला खाट, बंदूक, दुर्बीण सगळ्याचा ताबा देई. येणारा सावधान उभा राहून एकेक गोष्ट परत म्हणे आणि शेवटी, "ताबा घेतला." पहिल्याच तुकडीतल्या कोणा शहाण्याने यात आमची पोरंही घातली. एका शिपायाकडे एक पोर. "डाव्या कानाने कमी ऐकतो, कुत्र्याला भितो," एवढं घोकून नवा शिपाई दारात हजर. पोरं प्रत्येकाला मामाच म्हणत. चेहरा नवा, मामा तोच.

बोलायला ते पोरांकडूनच शिकले, त्यामुळे सहा फुटी गडी ताट पुढे करून म्हणायचे, "मावशी, मला पण दे ना!" मी ओरडायचे आणि वाढायचे.

आमच्यात एक भांडकुदळ पोर होती, तिला सगळे वकीलबाई म्हणत. तिला बाहुल्या आवडतात हे कधीकाळी ताब्यात सांगितलं गेलं, ते तसंच चालत राहिलं. ती माझ्या खांद्याला लागली तरी प्रत्येक नवा मामा बाहुली घेऊन यायचा. ती मुकाट्याने घ्यायची आणि धाकट्यांना देऊन टाकायची. "त्यांचा हिरमोड कशाला?" म्हणायची. शेवटी तिचा नवा मामा आला, पोरं ज्याला लांबू म्हणत तो उंच शिपाई. त्याने तिला सरळ विचारलं, तुला काय हवं? तिने पेचकस मागितला. मग दोघांनी मिळून आश्रमातले पंखे खोलले. त्यातले बरेचसे पुन्हा फिरलेही.

आणि मग चौकीच उठवायचा हुकूम आला. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तोंडाने म्हटलं, आणि त्या रात्री त्यांच्यासाठी दोन भाकरी जास्तच थापल्या.

नवी तुकडी येणार नव्हती, म्हणजे ताबा घ्यायला कोणी नव्हतं. लांबू आश्रम चालवणाऱ्या बाईंकडे वकीलबाईचा ताबा द्यायला गेला. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचा एकदम माझ्याकडेच आहे की." तो म्हणाला, "नाही. एकेकाचा असतो."

वकीलबाईने त्याच्याशी बोलणं टाकलं. माझ्यापाशी चुलीजवळ येऊन म्हणाली, "आधीचे निदान कोणाच्या तरी हाती देऊन गेले. हे मला उघड्यावर टाकून चाललेत." मी तिला लसूण सोलायला बसवलं.

जायच्या दिवशी अंगणात ट्रक उभा राहिला. लांबू एकेका पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होता. वकीलबाई बाहेर आली आणि त्याच्यासमोर सावधान उभी राहिली.

"द्या."

"काय?"

"माझा ताबा. मीच घेते."

लांबू ताठ झाला.

"आधी नाही म्हणते, मग करते."

"आधी नाही म्हणते, मग करते."

"ताप आला तर लपवते."

"ताप आला तर लपवते. पुढे?"

"हिला वाट बघायला लावायचं नाही."

हेही तिने परत म्हटलं, पण हळू. मग म्हणाली, "ताबा घेतला."

त्याने सलाम ठोकला आणि वळला.

"थांबा. तिकडे तुमचा कोण घेणार?"

लांबूने खाली पाहिलं. आमच्या अंगणात एक शब्द सांभाळून वापरायचा, हे प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीला सांगून जायची.

"आई," तो म्हणाला.

"मग तिला सांगायला पाठ करा. दोनदा विचारल्याशिवाय जेवत नाही."

"दोनदा विचारल्याशिवाय जेवत नाही."

"घाबरला की शीळ घालतो."

"घाबरला की शीळ घालतो."

"रडतो आणि घाम आला म्हणतो."

लांबूने बाहीने कपाळ पुसलं, मग डोळे. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

"म्हणा," वकीलबाई म्हणाली. "म्हटल्याशिवाय सोडणार नाही मी."