आठचे थेंब

आईला काचबिंदू. सकाळी आठला डोळ्यांत थेंब टाकायचे आणि एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. उतारवयात पायथन ही संगणकाची भाषा शिकून त्यांनी संगणकाला आठच्या ठोक्याला आपल्या आवाजात बोलायला लावलं, "अहो बाई, थेंब!"

ते गेल्यावरही आवाज येत राहिला. मग जुना संगणक धापा टाकू लागला, म्हणून मी प्रोग्रॅम नव्यावर आणला. तिथे एकच उत्तर: 'घड्याळ' नावाचं मॉड्यूल, म्हणजे बाबांनी लिहिलेली जोडफाइल, सापडत नाही.

"तोवर फोनचा गजर लावते," मी म्हणाले.

"गजराला कोण भीक घालतं?" आई म्हणाली. "यांनासुद्धा दोनदा हाक मारायला लावायचे मी."

तीन दिवसांत दोनदा थेंब राहिले.

दुपारी कीबोर्डसमोरच माझा डोळा लागला. स्वप्नात एक लांब बोळ होता. नवा संगणक ठरल्या क्रमाने एकेक दार ठोठावत चालला होता. प्रत्येक खोली झाडलेली, रिकामी. फक्त भिंतीपलीकडे, शेजारच्या घरात, टिकटिक चालू होती.

जागी झाले आणि जुना संगणक लावला. त्यातल्या पायथनला विचारलं, हे मॉड्यूल तू आणतोस कुठून? त्याने पत्ता दिला. बाबांनी ती फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवलीच नव्हती, जुन्या पायथनच्या, आवृत्ती २.७च्या, स्वतःच्या फोल्डरात, अगदी आत नेऊन ठेवली होती. दुकानातही ते सुटा स्क्रू त्या त्या घड्याळाच्या पोटातच ठेवायचे. "म्हणजे हरवत नाही," म्हणायचे. आणि नवी आवृत्ती जुनीच्या घरात डोकावत नाही.

फाइल आणली, तर नव्या पायथनला तिच्यातल्या बाबांच्या सहा ओळी पटेनात. बदलायला दहा मिनिटं लागली असती. पहिल्या ओळीवर कर्सर नेला आणि तसाच राहू दिला. मग नव्या संगणकावर २.७च बसवलं, एका कोपऱ्यात, वेगळं. फाइल त्याच्या पोटात ठेवली.

सकाळी आठ वाजले.

"अहो बाई, थेंब!"

आई जागची हलली नाही. मी बाटली घेऊन उठले, तर तिने हातानेच थांबवलं. खिडकीतलं ऊन टेबलावर बोटभर सरकलं.

"ऐकलंत का? थेंब!"

ही दुसरी हाक मी कधी ऐकली नव्हती; पहिली झाली की मी कामाला निघून जायचे.

"आले हो, आले," आई म्हणाली आणि तिने मान मागे टाकली.